शेफर्ड्स पाईतला बटाट्याचा थर का बुडतो आणि ती नीट कशी जमते

प्रश्न असा आहे: खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन केलेली इंग्लिश पाई ओव्हनमधून काढली की वरचा थर खाली बसतो, कडेने तेलकट पाणी वर येतं आणि बटाटा चिकट लागतो. असं का होतं? शिवाय शेफर्ड्स पाई आणि कॉटेज पाई यांत नेमका फरक काय?

फरकाचं आधी सांगतो. आजच्या ब्रिटनमध्ये मेंढीच्या मांसाची ती शेफर्ड्स पाई आणि गोमांसाची ती कॉटेज पाई, असं सरळ मानलं जातं. ही विभागणी मात्र बरीच अलीकडची. ‘कॉटेज पाई’ हे नाव १७९१ पासून लिखित स्वरूपात सापडतं. ‘शेफर्ड्स पाई’ १९व्या शतकाच्या मध्याला दिसू लागते, आणि एडिंबरात १८४९ मध्ये छापलेल्या तिच्या कृतीत तर कुठलंही शिजवलेलं मांस चालेल असं म्हटलं आहे. तेही खिमा करून नाही, काप करून. ही मुळात उरलेल्या मांसाची पाई. रविवारी रोस्ट (ओव्हनमध्ये भाजलेलं मोठं मांस) झाला की सोमवारी उरलेलं मांस बारीक करायचं, त्याच रोस्टच्या ग्रेव्हीत घोळवायचं आणि वर बटाटा घालून भाजायचं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने फिरवायची खिमा यंत्रं घरोघरी आली आणि काप मागे पडून खिमा रुळला. वर पावाचा चुरा आणि चीज घातलं की तिला कंबरलँड पाई म्हणतात.

हा इतिहास सांगण्याचं कारण व्यावहारिक आहे. शिजवलेल्या मांसाची पाई आणि कच्च्या खिम्याची पाई यांच्या कृती वेगळ्या आहेत. बऱ्याच ठिकाणी दोन्ही एकत्र केलेल्या दिसतात आणि तिथेच मांस तरी कोरडं पडतं किंवा सारण तरी पातळ राहतं. आज बहुतेक लोक कच्च्या खिम्यापासून सुरुवात करतात, म्हणून आधी तीच पद्धत घेऊ.

या तक्रारींचं मूळ मुख्यतः पाण्यात आहे. खिम्यातलं पाणी, ग्रेव्हीतलं पाणी, बटाट्यातलं पाणी. पहिलं परतताना उडायला हवं, दुसरं आटायला हवं आणि तिसरं बटाटा कुस्करण्याआधी वाफ होऊन निघून जायला हवं. या पदार्थात मसाल्याची करामत फारशी नसतेच, त्यामुळे पाण्याचा हिशेब चुकला तर चव झाकायला दुसरं काही उरत नाही.

सहा जणांसाठी प्रमाण असं. भांडं ३० × २० सेंटिमीटर, निदान ५ ते ६ सेंटिमीटर खोल. चिनी मातीचं किंवा इनॅमलचं उत्तम.

सारणासाठी: मेंढीचा जाडसर खिमा ९०० ग्रॅम (चरबी १५ ते २० टक्के), कांदे ३०० ग्रॅम, गाजर १५० ग्रॅम, सेलरीचे दोन दांडे, लसणाच्या दोन पाकळ्या, टोमॅटो प्युरी २ मोठे चमचे, मैदा २ सपाट मोठे चमचे, मांसाचा स्टॉक ४०० मिलिलिटर, वूस्टरशर सॉस दीड मोठा चमचा, थाइमच्या तीन-चार काड्या, रोझमेरीची एक काडी, एक तमालपत्र, मीठ, मिरी.

वरच्या थरासाठी: बटाटे सालासकट १.२ किलो, बटर ९० ग्रॅम, दूध ८० मिलिलिटर, दोन अंड्यांचे बलक, मीठ, पांढरी मिरपूड, किंचित जायफळ. हवं असल्यास किसलेलं जुनं चेडर किंवा लँकेशर चीज ६० ग्रॅम.

खिमा परतणं ही सगळ्यांत दुर्लक्षित पायरी. कच्च्या मांसात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणी असतं. ९०० ग्रॅम खिमा एकदम कढईत टाकला की तापमान पडतं, पाणी सुटतं आणि खिमा त्याच पाण्यात उकळत राहतो. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. मांसाला तपकिरी रंग आणि भाजका स्वाद यायला पृष्ठभाग साधारण १४० अंशांपर्यंत पोचावा लागतो. म्हणून जाड बुडाचं, पसरट पॅन मोठ्या आचेवर चांगलं तापवा, चमचाभर तेल घाला आणि ३०० ग्रॅमच्या तीन खेपा करा. खिमा पसरला की दोन-तीन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू गडद झाली की उलटा आणि मग मोडा. एका खेपेला ६ ते ८ मिनिटं लागतात. कानाने कळतं: आधी बुडबुड उकळल्याचा आवाज येतो, पाणी उडालं की तो तडतडण्यात बदलतो. तडतड सुरू झाल्यावर आणखी मिनिट-दीड मिनिट थांबा. मीठ खेप झाल्यावर घाला. आधी घातलं तर पाणी अधिक सुटतं.

परतलेला खिमा मोठ्या गाळणीत काढून खाली वाटी ठेवा. मेंढीची चरबी भरपूर सुटते आणि कडेने वर येणारा तेलकट ओघळ हीच चरबी असते. त्यातली दोन चमचे भाज्यांसाठी घ्या, बाकीची सारणात परत घालू नका. काही जण सगळी चरबी ठेवतात, चवीसाठी. पहिल्या दोन घासांत ती छान लागते, पण ताट निवत आलं की टाळूला चिकटते.

त्याच पॅनमध्ये मध्यम-मंद आचेवर बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी घालून १२ ते १५ मिनिटं परता. कांद्याच्या कडा सोनेरी व्हायला हव्यात, नुसता काचेसारखा झालेला पुरत नाही. लसूण शेवटच्या मिनिटाला. मग टोमॅटो प्युरी घालून ती विटकरी होईपर्यंत दोन मिनिटं परता, म्हणजे तिचा कच्चा आंबटपणा जातो. प्युरी दोन चमच्यांहून जास्त नको. हात सैल सुटला की सारण बोलोनीज या टोमॅटोच्या इटालियन खिमा सॉसच्या वळणावर जातं आणि इंग्लिश ग्रेव्हीची खोल, मांसल चव हरवते. मैदा भुरभुरवून मिनिटभर परता, मग स्टॉक थोडा थोडा घालत बुडाला लागलेलं सगळं खरवडून घ्या. त्या खरवडीतच ग्रेव्हीचा रंग आहे. आता खिमा, वूस्टरशर सॉस, थाइम, रोझमेरी आणि तमालपत्र घाला.

वूस्टरशर सॉसला इथे पर्याय नाही असं मी ठामपणे म्हणेन. ली अँड पेरिन्स ही कंपनी हा सॉस इंग्लंडमधल्या वूस्टर शहरातून १८३७ पासून विकत आली आहे. त्यात आंबवलेल्या अँचोव्ही माशाचा खारा गोडवा आणि चिंचेची आंबट बाजू असते, आणि चरबीदार मांसाला नेमक्या याच दोन गोष्टींची गरज असते. शाकाहारी सॉसमध्ये अँचोव्ही नसते, तिथे अर्धा चमचा मार्माइट (यीस्टचा दाट, खारट अर्क) घातलं तर तो खोलपणा भरून निघतो. ज्यांना मासा चालत नाही किंवा त्याची ॲलर्जी आहे त्यांना वाढताना हे आठवणीने सांगा, कारण मांसाच्या पदार्थात मासा असेल असं कुणाच्या मनात येत नाही.

झाकण किंचित तिरकं ठेवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं शिजवा. खिमा २० मिनिटांत ‘शिजतो’ हे खरं, पण तेव्हा दाणे रबरासारखे असतात आणि ग्रेव्ही वेगळी राहते. पाऊण तासाने त्यातले धागे सैल होतात आणि रस बांधला जातो. मग झाकण काढून १० ते १५ मिनिटं आटवा. पुरेसं आटलं हे असं ओळखा: लाकडी चमचा पॅनच्या तळातून ओढा. मागे पडलेली वाट दोन-तीन सेकंद तशीच दिसली आणि मग हळूहळू भरली, तर झालं. लगेच भरली तर आणखी आटवा. अजिबात भरत नसेल तर दोन-तीन चमचे स्टॉक घाला, नाहीतर भाजल्यावर सारण कोरडं भुसभुशीत होईल. ही परीक्षा गरम असतानाच करा. गार झाल्यावर मैदा आणि चरबी दोन्ही थिजतात, आणि पातळ सारणही दाट वाटतं. ते ओव्हनमध्ये पुन्हा सैल होतं आणि तुमचा थर बुडतो.

मैदा टाळायचा असेल तर १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून शेवटी घाला. फार वेळ उकळलं किंवा पुन्हा पुन्हा गरम केलं की त्याची पकड सैल होते, त्यामुळे त्याच दिवशी खायच्या पाईलाच ते ठीक.

तमालपत्र आणि काड्या काढून सारण भांड्यात सपाट पसरा आणि गार होऊ द्या. निदान कोमट, शक्य तर फ्रिजमध्ये तासभर. ही पायरी वगळणं हे थर बुडण्याचं दुसरं मोठं कारण. गरम सारणावर टाकलेल्या बटाट्यातलं बटर खालून वितळतं, वाफ थरात शिरते आणि तो वजनाने आत उतरतो. गार झालेल्या सारणावर वरची चरबीही थिजते. ती चमच्याने खरवडून टाकता येते.

आता बटाटा. पिठूळ जात हवी. ब्रिटनमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड. भारतात नवा बटाटा टाळा, तो ओलसर आणि चिकट असतो. वेफर्ससाठी पिकवला जाणारा कुफरी चिप्सोना मिळाला तर फार चांगला, त्यात घन भाग जास्त असतो. कोणता बटाटा हाती आला आहे हे कळत नसेल तर अर्धा कप मीठ साडेपाच कप पाण्यात विरघळवून त्यात एक बटाटा सोडा. पिठूळ असेल तो बुडतो, चिवट जातीचा तरंगतो. शीतगृहातून आलेल्या बटाट्यात थंडीमुळे स्टार्चची साखर झालेली असते. तो गोडसर लागतो आणि वरून लवकर करपतो. असा बटाटा आठवडाभर बाहेर अंधाऱ्या जागी ठेवला तर बराच सुधारतो.

सोलून ४ ते ५ सेंटिमीटरचे सारखे तुकडे करा, थंड पाण्यात टाका, लिटरला १० ग्रॅम मीठ घाला आणि उकळी आली की आच उतरवून १५ ते २० मिनिटं शिजवा. उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरचा भाग फुटून पाणी पितो आणि मधला कच्चा राहतो. सुरी सहज आरपार गेली की लगेच निथळा, तुकडे रिकाम्या गरम भांड्यात परत घाला आणि अगदी मंद आचेवर दोन-तीन मिनिटं हलवत राहा. वाफा कमी होतात, कडा पांढऱ्या, पिठूळ दिसू लागतात. इथे गेलेला प्रत्येक चमचा पाणी पुढे थराची मजबुती ठरवतो.

गरम असतानाच कुस्करा. पोटॅटो रायसर सर्वांत बरा. तो नसेल तर पुरणयंत्र तेच काम करतं, फक्त हळू फिरवा आणि एकदाच काढा. मिक्सर आणि फूड प्रोसेसर कधीही नाही. शिजलेल्या बटाट्यात स्टार्च पेशींच्या आत फुगून बसलेला असतो. पातं फिरलं की पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि सगळ्याची खळ होते. तुमचा बटाटा चिकट लागतो तो यामुळेच. एकदा खळ झाली की मागे जाता येत नाही. दूध, बटर, चीज काही घातलं तरी फरक पडत नाही, बटाटे नव्याने उकडावेच लागतात.

आधी बटर मिसळा, मग कडकडीत दूध, शेवटी बलक. बटर आधी घातल्याने स्टार्चवर स्निग्धतेचं आवरण बसतं आणि दुधाने तो कमी चिकट होतो. बाजारातलं बहुतेक बटर खारट असतं, म्हणून मीठ चाखूनच घाला. ताटात शेजारी वाढायच्या मॅशला, म्हणजे कुस्करलेल्या बटाट्याला, किलोमागे सहज दीड-दोनशे मिलिलिटर दूध लागतं. इथे ८० पुरे, कारण हा मॅश ओझ्याखाली न पसरता उभा राहायला हवा. चमचाभर उचलून चमचा उलटा करा. मॅश पडला तर तो फार सैल आहे. बलकाने भाजताना थर थोडा आवळला जातो आणि रंगही चांगला येतो. चीज घालायचं तर अर्धं आत, अर्धं वर. मेंढीच्या पाईत मी चीज घालत नाही, मांसाची चव दबते. गोमांसाच्या पाईला ते शोभतं.

थर लावताना सगळा मॅश मधोमध ओतू नका. आधी कडेकडेने चमच्याने ठेवा, भांड्याच्या भिंतीला चिकटवून घ्या, मग आतली जागा भरा. कडेला फट राहिली की उकळणारी ग्रेव्ही तिथूनच वर येते. थर दोन सेंटिमीटरच्या आसपास असावा आणि भांड्याची कड वर एक-दीड सेंटिमीटर मोकळी. काट्याने खोल रेघा ओढा. उंचवटे आधी खरपूस होतात, खळग्यांत बटर साचतं, आणि कुरकुरीत आणि मऊ असं दोन्ही एका घासात मिळतं. वरून बटरचे छोटे तुकडे टाका.

ओव्हन आधी तापवा: २०० अंश सेल्सियस, पंख्याचा असेल तर १८०. कोमट सारणाच्या पाईला ३० ते ३५ मिनिटं. थेट फ्रिजमधली असेल तर १८० अंशांवर ४५ ते ५० मिनिटं, नाहीतर वर रंग येतो आणि मध्य थंड राहतो. मधोमध ७५ अंश तापमान यायला हवं. थर्मामीटर नसेल तर सुरी मध्यभागी दहा सेकंद खुपसून ओठाखाली टेकवा, चटका बसला पाहिजे. ओटीजीमध्ये आधी दोन्ही रॉड आणि शेवटची ४-५ मिनिटं फक्त वरचा. त्या वेळी समोरून हलू नका. बाहेर काढल्यावर १० ते १५ मिनिटं तशीच ठेवा. लगेच कापली तर उत्तम केलेलं सारणही वाहतं.

आता उरलेल्या रोस्टची पाई. माझ्या मते खरी चव हिचीच, कारण भाजलेल्या मांसाचा स्वाद खिमा परतून पुरता येत नाही. थंड रोस्ट ६०० ग्रॅम घ्या, खांद्याचा भाग असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मांड्यांपेक्षा त्यात चरबी आणि चिवट धागे जास्त असतात आणि ते ओलावा धरून ठेवतात. सुरीने पाच मिलिमीटरचे तुकडे करा. यंत्रातून काढायचंच तर जाड जाळी लावा. या मांसाला पुन्हा परतायचं नाही आणि पाऊण तास उकळायचं तर मुळीच नाही. आधी भाज्या, मैदा, स्टॉक आणि रोस्टच्या ट्रेमधली थिजलेली जेली यांची ग्रेव्ही पूर्ण आटवून तयार करा, मग मांस घालून १५ मिनिटं मंद आचेवर मुरू द्या. ग्रेव्ही इथे थोडी सैल चालते, कारण कोरडं मांस ती पितं.

महाराष्ट्रात ही पाई करणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बकऱ्याचं, त्यात चरबी कमी आणि धागा घट्ट. खाटकाला खांद्याचा जाड खिमा थोडी चरबी ठेवून करायला सांगा. शिजायला ७५ ते ९० मिनिटं धरा. कुकर वापरायचा तर पाणी उडत नाही हे लक्षात घेऊन स्टॉक २०० मिलिलिटरच घाला आणि झाकण उघडल्यावर वर सांगितलेल्या वाटेच्या परीक्षेपर्यंत आटवा. स्टॉकसाठी हाडांची अळणी उत्तम, मात्र हळद आणि आलं-लसूण न घालता केलेली. सेलरी मिळाली नाही तर वगळा आणि अर्धा कांदा वाढवा. गरम मसाला किंवा हिरवी मिरची घातली तर पदार्थ चांगला होईल, पण तो दुसरा असेल. मिरपूड थोडी वाढवलेली मात्र मुळातही बसते.

सारण पातळ आहे हे थर लावायच्या वेळी लक्षात आलं, तर सगळं गाळणीत ओता, फक्त ग्रेव्ही पॅनमध्ये निम्मी होईपर्यंत आटवा आणि खिम्यात परत मिसळा. सगळं एकत्र आटवत बसलात तर गाजराचा लगदा होतो. मॅश सैल झाला असेल तर मंद आचेवर लाकडी चमच्याने हलक्या हाताने उलथत पाणी उडवा. जोरात घोटू नका. वरून रंग येत नसेल आणि पाई पूर्ण गरम झाली असेल, तर थरावर बटर लावून ग्रिलखाली ठेवा. वेळ वाढवून रंग आणायला गेलात तर सारण कोरडं पडतं.

सोबत वाफवलेले मटार किंवा बटरमध्ये परतलेली कोबी, उत्तर इंग्लंडच्या रीतीने लाल कोबीचं व्हिनेगरमधलं लोणचंही. मटार सारणात घालणारे पुष्कळ आहेत, पण दोनदा शिजून ते करडे पडतात, म्हणून बाहेर ठेवलेले बरे.

पाई आदल्या दिवशी रचून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येते, उलट चव मुरते. सारण दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे आणि भाजून उरलेली पाई दोन दिवसांत संपवावी. फ्रीझरसाठी न भाजता गोठवा, तीन महिने चांगली राहते. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये उतरवून पूर्ण वितळू द्या, कारण गोठलेली पाई सरळ ओव्हनमध्ये घातली तर मधला बर्फ सगळ्यांत शेवटी वितळतो आणि तेच पाणी थराखाली साचतं.